तू कोणाचो? डीएनए टेस्टला काय कळतं आणि काय नाही

माझा भाचा न्यू जर्सीला असतो. डिसेंबरच्या सेलमध्ये डीएनए टेस्टचं किट अर्ध्या किमतीत मिळालं म्हणून त्याने घेतलं, नळीत थुंकला, पोस्टात टाकलं आणि विसरून गेला. फेब्रुवारीत, इकडे आंबा मोहरलेला असताना, रिपोर्ट आला आणि त्याने तो सरळ फॅमिली ग्रुपवर टाकला. एक रंगीत चकती, बहुतेक सगळी हिरवी म्हणजे 'दक्षिण आशिया', कडेला थोडी पिवळी म्हणजे 'मध्य आशिया', आणि मध्ये एक सुतासारखी लाल फाक, २ टक्के, तिच्यावर लिहिलेलं 'इबेरिया'. इबेरिया म्हणजे स्पेन आणि पोर्तुगाल.

झालं. वेंगुर्ल्याहून काकांचा व्हॉइस मेसेज आला, "मगे आमी काय फिरंगी?" आवाजात तक्रार नव्हती हां, चांगलेच खूश होते. संध्याकाळपर्यंत बाजारातल्या चहाच्या टपरीवर बातमी पोचली. चुलतबहिणीने लिहिलं, तरीच आजीचे डोळे घारे होते. एकाने विचारलं पोर्तुगालचा पासपोर्ट मिळेल का. (गोवेकरांना मिळतो तो १९६१ च्या आधी ते स्वतः, आईवडील किंवा आजीआजोबा पोर्तुगीज राज्यात जन्मलेले म्हणून, लाल फाक दाखवून कोणी पासपोर्ट देत नाही.) आणि या सगळ्या गोंधळात एक गोष्ट कोणाच्याच डोक्यात आली नाही की रिपोर्ट माझ्या बहिणीच्या मुलाचा आहे, म्हणजे त्यात निम्मं आमच्या भावोजींच्या घरचं, देवगडकडचं. फाक खरी असली तरी ती तिकडची असू शकते. पण काकांनी ती आधीच ताब्यात घेतली होती.

मी बारावीला २० वर्षं बायॉलॉजी शिकवली त्यामुळे सगळ्यांनी माझ्याकडे मोर्चा वळवला, सर सांगा हे खरं का. ग्रुपवर टाईप करायला घेतलं तर ते लांबतच चाललं, म्हणून म्हटलं नीट बसून लिहूया.

आमच्याकडे वाडीत नवीन माणूस दिसला की पाण्याच्या तांब्याआधी प्रश्न येतो, "तू खयचो? कोणाचो?" कंपन्या विकतात ते याच प्रश्नाचं उत्तर. पण नीट बघा, हे दोन प्रश्न आहेत. 'कोणाचो' म्हणजे नात्याने कोणाचा, आणि 'खयचो' म्हणजे कुठल्या गावचा. डीएनएला पहिल्याचं उत्तर चांगलं येतं. दुसऱ्याचं तो अंदाजाने ठोकून देतो. सगळा घोळ इथेच आहे.

आधी आंब्यापासून सुरुवात करू

आपल्या प्रत्येक पेशीत एक लांबलचक मजकूर असतो, साधारण ३०० कोटी अक्षरांचा, आणि अक्षरं चारच, ए टी जी सी. हाच डीएनए. तो एका सलग दोऱ्यात नसतो, २३ जोड्यांमध्ये वाटलेला असतो, या एकेका दोऱ्याला गुणसूत्र म्हणतात. प्रत्येक जोडीतलं एक आईकडून, एक वडिलांकडून. जगातल्या कुठल्याही दोन माणसांचा मजकूर ९९.९ टक्के सारखा असतो, फरक हजारात एका अक्षराचा. तरी ३०० कोटींत तो फरक जातो ३० लाखांवर, आणि टेस्टचा सगळा धंदा या फरकांवर चालतो. किटवाली कंपनी आख्खा मजकूर वाचत नाही बरं का, त्यातल्या सहा-सात लाख ठरलेल्या जागा फक्त तपासते, जिथे माणसामाणसांत फरक पडतो हे आधीपासून माहीत आहे अशा.

आता हापूस. हापूसचं झाड कलमाचं असतं, म्हणजे जुन्या झाडाची काडी नवीन खुंटावर बांधलेली. ती काडी आणि जुनं झाड यांचा डीएनए एकच, म्हणून देवगडात १०० कलमं लावली तर १०० झाडांना हापूसच लागतो. तोच हापूस खाऊन कोय परसात टाका, रुजेल, झाड होईल, पण फळ काय लागेल ते देवाक ठाऊक. आंबट निघेल, धाग्याचा निघेल, क्वचित हापूसपेक्षा गोड निघेल. कोयीत दोन झाडांचा मजकूर पिसला जातो म्हणून. असल्या कोयीच्या आंब्यांना आपण रायवळ म्हणतो आणि एका परसातली दोन रायवळं चवीला सारखी कधी नसतात.

माणसं सगळी रायवळ. कलमी फक्त एकसारखी जुळी.

सख्ख्या भावाबहिणीचा रिपोर्ट वेगळा का येतो

भाचीनेही नंतर टेस्ट केली, तिच्या चकतीत लाल फाकच नव्हती. ग्रुपवर लगेच शंका, लॅबने नळ्या बदलल्या काय. नाही. यासाठी गोधडी डोळ्यासमोर आणा.

समजा आईकडे दोन गोधड्या आहेत, एक तिच्या आईच्या लुगड्यांची, दुसरी तिच्या वडिलांच्या धोतरांची. मूल होताना ती यातली एखादी गोधडी उचलून देत नाही, ती दोन्ही गोधड्या ठिकठिकाणी कापते आणि तुकडे आलटून पालटून जोडून एक नवीन गोधडी शिवते, ती मुलाला देते. उरलेले तुकडे त्या मुलाला मिळत नाहीत. पुढच्या मुलाच्या वेळी कात्री वेगळ्या जागी लागते. वडीलही तेच करतात. म्हणून सख्ख्या भावंडांचा डीएनए सरासरी ५० टक्के जुळतो, पण कोणाचा चाळीसच्या आसपास तर कोणाचा साठच्या. भाचीला एखादा तुकडा आलाच नाही यात विशेष काही नाही.

या कापण्याला रिकॉम्बिनेशन म्हणतात, आपण कात्रीच म्हणू. दर पिढीला कात्री सगळ्या गुणसूत्रांवर मिळून तीस-चाळीस वेळाच लागते, त्यामुळे आजीचे तुकडे मोठमोठे मिळतात, पणजीचे लहान, त्यापुढे चिंध्या. आणि इथे एक गोष्ट घडते जी ऐकून माझ्या वर्गातली पोरं दरवर्षी गप्प व्हायची. दहा पिढ्या मागे गेलात तर तुमचे पूर्वज होतात १०२४. पिढी २५ ते ३० वर्षांची धरा, म्हणजे हे चिमाजी अप्पांनी वसई घेतली त्या सुमाराचे लोक. पण गोधडीत तुकडे सहाशेच्या आसपास. १०२४ माणसांना सहाशे तुकडे पुरणार कसे? त्यातल्या निम्म्या-अर्ध्या पूर्वजांचा एकही तुकडा तुमच्या अंगात नसतो. ते तुमचे पूर्वज आहेत, त्यांच्याशिवाय तुम्ही झालाच नसतात, पण जगातली कुठलीच टेस्ट त्यांना तुमच्या थुंकीत शोधू शकत नाही.

आणखी मागे जा, ३० पिढ्या, तर हिशोबाने पूर्वज होतात १०० कोटींच्या वर. तेव्हा आख्ख्या पृथ्वीवर एवढी माणसं नव्हती. याचा अर्थ तीच ती माणसं झाडावर पुन्हा पुन्हा येतात, आणि आमच्याकडे तर पिढ्यान्‌पिढ्या सोयरीक चार-पाच गावांच्या पलीकडे गेलीच नाही, त्यामुळे एकच खापरपणजोबा चार फांद्यांवर बसलेले सापडतात.

आता ती २ टक्के फाक घ्या. पाच पिढ्या मागच्या एका पूर्वजाचा वाटा सरासरी ३ टक्के, सहा पिढ्यांचा दीड. म्हणजे २ टक्के खरे असतील तर १८५० च्या आसपास घराण्यात कोणीतरी अस्सल पोर्तुगीज बाई किंवा पुरुष पाहिजे. १८५० म्हणजे काही शिवकाल नव्हे, ज्यांनी पाहिलं त्यांच्या नातवंडांना आमच्या आजीने पाहिलंय, आणि आमच्याकडे अशी गोष्ट लपून राहिली असती होय. गजालीला तेवढ्यावर पन्नास वर्षं पुरली असती.

पण टक्के लिहिलेत म्हणजे सायन्सच ना?

हा प्रश्न सगळ्यांचाच. टक्का दिसला की माणूस मान डोलवतो.

एक माणूस धरा ज्याने जन्मात तीनच प्रकारची जेवणं जेवलीत, पंजाबी, कोल्हापुरी आणि खरं चायनीज, चीनमधलं, आपल्या गाडीवरचं नव्हे. त्याच्यापुढे आपलं बांगड्याचं तिखलं ठेवा, भरपूर तिरफळं घातलेलं, आणि म्हणा की यात कुठलं कुठलं वाटण किती टक्के ते सांग. 'कोकण' हा पर्याय त्याच्याकडे नाहीच. तो सांगणार, ८० टक्के कोल्हापुरी, १० टक्के पंजाबी, आणि तोंडाला ती झिणझिणी आली ना, म्हणून १० टक्के चायनीज. गंमत म्हणजे त्याची जीभ खोटं बोलत नाहीये. तिरफळ आणि सिचुआनची झिणझिणी मिरी एकाच वंशातली झाडं आहेत, चुलत बहिणीच म्हणा. साम्य खरं आहे, पण म्हणून तिखलं काय चीनहून आलेलं नाही.

कंपनी हेच करते. तिच्याकडे हजारो माणसांचे नमुने असतात, 'हे पोर्तुगीज', 'हे पंजाबी' असे, याला संदर्भ गट म्हणतात. तुमचे तुकडे एकेक करून या गटांना लावून बघायचे आणि ज्याच्याशी जास्त जुळेल त्याच्या नावावर टाकायचे. लक्षात घ्या, हे गट आज जिवंत असलेल्या लोकांचे आहेत. म्हणजे रिपोर्टमधल्या 'इबेरिया २ टक्के'चा खरा अर्थ एवढाच की तुमचा २ टक्के मजकूर कंपनीच्या यादीतल्या लोकांपैकी आजच्या स्पॅनिश-पोर्तुगीज लोकांशी त्यातल्या त्यात जास्त जुळला. पूर्वज तिकडून आले असं त्यात कुठेही सिद्ध झालेलं नाही. एकदोन टक्क्यांचे आकडे तर बऱ्याचदा नुसती खरखर असते, जुन्या रेडिओवर दोन स्टेशनांच्या मध्ये यायची तशी.

आणि यादीत आपण आहोत का? '१००० जीनोम' नावाचा एक मोठा जागतिक प्रकल्प झाला, २०१५ साली पुरा, जगभर ज्याचा डेटा वापरतात. त्यात २६ गटांतले २५०४ लोक. दक्षिण आशियाचे गट पाच, ह्यूस्टनमध्ये राहणारे गुजराती, इंग्लंडमधले तेलुगू, इंग्लंडमधलेच श्रीलंकेचे तमिळ, लाहोरचे पंजाबी आणि बांगलादेशातले बंगाली. मराठी गटच नाही. आता भारत सरकारच्या जीनोम इंडिया प्रकल्पात देशभरातल्या १०,००० लोकांचा पूर्ण मजकूर वाचून झालाय, जानेवारी २०२५ ला तो संशोधकांसाठी खुला केला, त्यामुळे पुढे हे सुधारेल. पण तूर्त अमेरिकेतल्या किटला मालवणी तुकडा दाखवलात तर ते गुजराती आणि तेलुगूच्या मध्ये चाचपडणार.

आडनाव आणि नथ

गोधडीच्या कात्रीतून दोन गोष्टी जवळजवळ अख्ख्या सुटतात.

एक वाय गुणसूत्र. बापाकडून मुलाला, मुलाकडून नातवाला, अगदी आडनावासारखं. दुसरी मायटोकॉन्ड्रियातली, म्हणजे पेशीतल्या वीजघरातली, डीएनएची छोटी साखळी, १६,५६९ अक्षरांची फक्त, जी आईकडून येते. ती नथीसारखी समजा, आजीची नथ आईला, आईची मुलीला. फरक एवढाच की ही नथ मुलग्यांनाही मिळते पण त्यांना ती पुढे देता येत नाही, त्यांच्याबरोबर संपते. माझ्याकडे माझ्या आईची आहे, माझ्या मुलांकडे त्यांच्या आईची. भाच्याकडे मात्र माझीच, कारण तो बहिणीचा.

या दोन धाग्यांत कापाकापी नसल्यामुळे हजारो वर्षं मागे जाता येतं, अधूनमधून एखादं अक्षर बदलतं त्यावरून शाखा ओळखतात आणि शाखांना अक्षरांची नावं देतात. नथीच्या बाजूने भारतात 'एम' शाखा सगळ्यात जास्त, निम्म्याहून अधिक लोकांची, आणि ती इथे चाळीस-पन्नास हजार वर्षं मुरलेली आहे. वायच्या बाजूला 'आर१ए', 'एच', 'एल', 'जे२' वगैरे. व्हॉट्सअपवर 'आर१ए'वरून अमुकच जात आर्य असले फॉरवर्ड फिरतात ना, ते सोडून द्या, ती शाखा कमीजास्त प्रमाणात सगळ्या थरांत सापडते, अगदी काही आदिवासी गटांतसुद्धा.

आणि मुख्य म्हणजे हे दोन धागे १०२४ पैकी फक्त दोन माणसांची गोष्ट सांगतात. बाकीच्या १०२२ जणांबद्दल एक अवाक्षर नाही.

किनाऱ्यावर उतरले कोण कोण

पण मग बाहेरचे लोक इथे मिसळलेच नाहीत का? मिसळले की. बंदरावरचा मुलूख आहे हा. दहाव्या शतकात अल मसूदी नावाचा अरब प्रवासी सैमूरला, म्हणजे आपल्या चौलला, येऊन गेला, त्याने तिथे दहा हजारांच्या आसपास मुसलमान वस्ती असल्याचं लिहून ठेवलंय, ओमान, बसरा, बगदाद इथून आलेले आणि त्यांची इथेच जन्मलेली मुलं. पंधराव्या शतकात निकितीन हा रशियन व्यापारी घोडा घेऊन चौललाच उतरला. कोर्लईत पोर्तुगीज १७४० पर्यंत होते, गावात अजून पोर्तुगीज वळणाची बोली बोलतात.

यातलं डीएनएने सगळ्यात छान उलगडलेलं प्रकरण म्हणजे बेने इस्रायली ज्यू, आपल्याकडचे शनिवार तेली. पेणकर, रोहेकर, चौलकर अशी आडनावं, घरात मराठी, शनिवारी घाणा बंद. त्यांची कथा अशी की अलिबागजवळ नवगावला जहाज फुटलं, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, त्यांचा हा वंश. शतकानुशतकं ही नुसती कथा होती. २०१६ साली त्यांच्या डीएनएचा मोठा अभ्यास छापून आला. त्यात दोन्ही वाटे भरपूर निघाले, मध्यपूर्वेतल्या ज्यूंशी जुळणारा आणि भारतीय. ज्यू वाटा जास्त करून पुरुषांकडून आलेला आणि भारतीय वाटा बायकांकडून. म्हणजे आडनाव तिकडचं, नथ इकडची.

आणि हे कधी झालं तेही काढलं त्यांनी, १९ ते ३३ पिढ्यांपूर्वी. कसं काढलं? गोधडी आठवा. मिश्रण ताजं असेल तर तुकडे मोठे, जुनं असेल तर चिंध्या. तुकड्यांची लांबी मोजली की किती वेळा कात्री लागली ते कळतं. ३० वर्षांची पिढी धरली तर हे साधारण ६०० ते १००० वर्षांपूर्वीचं. आता कोणी म्हणेल, अहो पण ते तर दोन हजार वर्षांपूर्वी आलो म्हणतात, म्हणजे कथा खोटी? नाही, असं होत नाही. कात्री मिसळल्याची तारीख सांगते, किनाऱ्याला लागल्याची नाही. जहाज कधीही फुटलेलं असो, सोयरीक नंतरची असू शकते. बघा, इथेसुद्धा 'कोणाचो' कळलं आणि 'खयसून कधी इलो' अर्धवटच राहिलं.

सिद्दींचंही तसंच. जंजिऱ्याच्या सिद्दींचं राज्य १९४८ पर्यंत होतं. २०११ मध्ये गुजरात आणि कर्नाटकातल्या सिद्दींचे अभ्यास झाले (नमुने मुरूडचे नव्हते, हे सांगून ठेवतो), त्यात मोठा वाटा आफ्रिकेतल्या बांटू भाषा बोलणाऱ्या लोकांचा निघाला आणि इथल्या लोकांशी मिश्रण साधारण २०० वर्षांपूर्वीचं. तुकडे अजून लांब आहेत त्यांचे.

आणि आता काकांसाठी खास. गोवा, कुमठा, मंगळूरच्या रोमन कॅथलिक लोकांचा अभ्यास २०२१ ला आला. फर्नांडिस, डिसोझा आडनावाची माणसं, कोणालाही वाटेल इथे तरी पोर्तुगीज रक्त धो धो सापडणार. बहुतेकांचा डीएनए इथल्याच जुन्या लोकांशी, त्यातही गौड सारस्वतांशी जवळचा निघाला. आडनाव चर्चमध्ये बदललं, गोधडी तीच राहिली. आता मला सांगा, फर्नांडिसांच्या घरात जे सहज सापडत नाही ते आमच्या घरात २ टक्के कुठून येणार?

आजीचे घारे डोळे

घाऱ्या डोळ्यांचं खूळ कोकणात फार जुनं. अमके इजिप्तहून आले, तमके तुर्कस्तानातून, पुरावा काय तर डोळे.

डोळ्याचा रंग म्हणजे बुबुळात मेलॅनिन नावाचं रंगद्रव्य किती साठतं तेवढंच. जास्त असेल तर काळे-तपकिरी, कमी असेल तर घारे, अगदी कमी असेल तर निळे. निळे डोळे ठरवणारी मोठी कळ १५ व्या गुणसूत्रावर एका जागी आहे, बाकी बारीकसारीक जागा कितीतरी. म्हणजे ३०० कोटी अक्षरांतली मूठभर अक्षरं. त्यावरून आख्ख्या माणसाचा मुलूख ठरवायचा म्हणजे घराच्या दाराचा रंग बघून आतल्या माणसांचं गोत्र सांगण्यासारखं. असे तुकडे भारतात हजारो वर्षांपासून फिरतायत, दोन घरांतून लपत छपत येऊन एखाद्या पोरीत एकत्र पडले की डोळे घारे. आजीच्या सात मुलांत एकाचेही नव्हते, मग फिरंगी रक्त त्यांच्यात वाहायचं थांबलं होतं काय?

मग जात दिसते का?

हा प्रश्न ग्रुपवर कोणी विचारला नाही. दोघांनी खाजगीत विचारला.

खरं उत्तर जरा अवघड आहे. जातीचं नाव डीएनएत कुठे लिहिलेलं नसतं. पण कोण कोणाशी लग्न करत आलं हे मात्र त्यात उमटतं. हैदराबादच्या सीसीएमबी या संशोधन संस्थेच्या आणि हार्वर्डच्या शास्त्रज्ञांनी २००९ आणि २०१३ साली मिळून जे दाखवलं ते मला फार महत्त्वाचं वाटतं. आज भारतात जवळपास प्रत्येक गट मिश्रणातून झालेला आहे, प्रमाण कमीजास्त. हे मिश्रण मुख्यतः ४२०० ते १९०० वर्षांपूर्वीच्या काळातलं. म्हणजे तेव्हा सगळे सगळ्यांशी सोयरीक करत होते, आणि नंतर दारं बंद झाली. 'आम्ही शुद्ध' म्हणणारा माणूस फार तर एवढंच सांगू शकतो की आमची दारं दोनेक हजार वर्षं बंद आहेत, त्याच्या आधी काय होतं ते त्याच्याच पेशीत लिहिलंय.

बंद दारांची किंमत पण आहे. गट लहान, लग्नं आतल्या आत, की एखादा दोष असलेला तुकडा दोन्ही बाजूंनी मुलाला मिळायची शक्यता वाढते. २०१७ च्या एका अभ्यासात दक्षिण आशियातले २६३ गट तपासले, त्यातल्या ८१ गटांत हा प्रकार फिनलंडचे लोक आणि युरोपातले ज्यू यांच्याहून तीव्र दिसला, जे यासाठी जगात उदाहरण म्हणून सांगितले जातात. आंध्रकडच्या वैश्य समाजात एक दोष आढळतो, त्यामुळे ऑपरेशनच्या वेळी दिलेलं स्नायू सैल करणारं औषध उतरतच नाही लवकर, हे त्यातलं नेहमीचं उदाहरण. आपल्याकडे मामाची मुलगी करायची पद्धत होती, आतेमामे भावंडांचा डीएनए साडेबारा टक्के सारखा, त्यांच्या मुलाच्या मजकुरात सोळावा हिस्सा दोन्हीकडून एकच येतो. लग्नाआधी थॅलेसेमियाची रक्ततपासणी करा म्हणून डॉक्टर सांगतात ते ऐकावं, ती या चकतीपेक्षा शंभरपट कामाची आहे.

थुंकी एकाची, माहिती सगळ्यांची

'कोणाचो' डीएनएला नीट कळतं म्हटलं ना, त्याचा अनुभव आलाच. भाच्याला कंपनीने टोरांटोतली एक बाई जुळवून दिली, जेमतेम १ टक्का जुळणारी. दोघांनी चॅट केलं, तर तिच्या आजीचं माहेर भावोजींच्याच वाडीतलं. खापरपणजोबा एक निघाले. त्या एका मेसेजला आमच्या भावोजींच्या घरी जो आनंद झाला तो लाल फाकेला काकांनाही झाला नव्हता.

पण याचीच दुसरी बाजू आहे. भाचा थुंकला म्हणजे त्याच्यासोबत बहीण, भावोजी, मी, आम्ही सगळेच थोडे थोडे त्या नळीत गेलो, कोणी विचारलं नाही. अमेरिकेत १९७०-८० च्या दशकातला एक खुनी २०१८ साली असाच पकडला, त्याने स्वतः कधी टेस्ट केलेली नव्हती, दूरच्या नातेवाइकांनी वेबसाइटवर टाकलेल्या डीएनएवरून पोलीस त्याच्यापर्यंत पोचले. तो पकडला गेला हे चांगलंच झालं, पण वाट कशी उघडते ते बघा. ट्वेंटीथ्री अँड मी या मोठ्या कंपनीतून २०२३ मध्ये ६९ लाख लोकांची माहिती चोरांच्या हाती लागली आणि मार्च २०२५ ला कंपनीनेच दिवाळखोरीचा अर्ज केला. पासवर्ड फुटला तर बदलता येतो, डीएनए कसा बदलणार? आणि घरात दत्तक, जुनी भानगड असलं काही असेल तर तेही चकतीबरोबर टेबलावर येतं. करायचीच असेल टेस्ट तर आधी घरच्यांशी बोला, एवढंच म्हणेन.

शेवटी फाकेचं काय झालं

गणपतीत भाचा घरी आला होता. आरती झाली, मोदक झाले, पडवीत सगळे बसलेले असताना त्याने सहज अ‍ॅप उघडलं तर वर पट्टी, 'तुमचा रिपोर्ट अपडेट झाला आहे'. कंपनीने यादीत नवीन माणसं घातली होती. चकती परत मोजलेली, आणि लाल फाक गायब. थुंकी तीच, डीएनए तोच, फक्त चव घेणाऱ्याने मधल्या काळात आणखी चार घरचं जेवण जेवलेलं.

काकांनी चष्मा लावून मोबाईल लांब धरून बघितला. "गेले म्हणजे? माझे टक्के माका न इचारता गेले खय?"

त्या दिवसात मी मात्र एक काम केलं. आमच्या घराण्याची वंशावळ आहे, अकरा पिढ्यांची, छापील, देवघराच्या कपाटात. उघडून बघितली तर तीत सगळे पुरुष, म्हणजे वाय गुणसूत्राचीच गोष्ट. बायका कंसात, त्याही सासरच्या बदललेल्या नावाने, माहेर नाहीच. नथीचा धागा कोणी लिहूनच ठेवलेला नाही. आईची बहीण, माझी मावशी, ८३ वर्षांची आहे, आचऱ्याला असते, तिच्याकडे वही घेऊन गेलो. तिची आई चिंदरची. तिची आई मसुऱ्याची, माहेरचं नाव द्वारकी, हे सांगताना मावशी अडखळली नाही. द्वारकीची आई? मावशीने पदराने तोंड पुसलं, बराच वेळ माडाकडे बघत बसली आणि म्हणाली, "तिका सगळे बायच म्हणायचे रे. नाव कोणी घेतलाच नाय कधी."

वहीत मी 'बाय' लिहिलं, पुढे गाव म्हणून जागा कोरी सोडली.